सासूबाई म्हणतात, तूच थांबव त्याला

(पत्र लिहिणाऱ्या वाचकाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या २८ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करतात. नवरा ३० वर्षांचा, व्यावसायिक मोटरसायकल रेसर. एकोणिसाव्या वर्षापासून रोड रेसिंग करतो. दोन हंगाम एका कंपनीच्या संघात होता, राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत येऊन पोडियमवर उभा राहिला. मग करार वाढला नाही. तेव्हापासून पदरमोड करून, मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी तयार करून शर्यती करतो. गेल्या हंगामाच्या आदल्या वर्षी कॉलरबोन (गळ्याखालचं हाड) मोडून प्लेट बसली. गेल्या हंगामात चेन्नईच्या ट्रॅकवर पडून उजव्या मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलं. खांद्यापाशी फाटलेला लेदर सूट तेव्हापासून बाल्कनीत लटकतोय. तो शिवायला देत नाही आणि कुणाला काढूही देत नाही. दुखण्याच्या गोळ्या घेतल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

आता एका छोट्या परदेशी संघाने आशियाई स्पर्धेत जागा देऊ केली आहे, पण १८ लाख रुपये यांनीच भरायचे. त्यासाठी तो पत्नीचं सोनं गहाण ठेवू म्हणतोय आणि साताऱ्याच्या प्लॉटमधला आपला हिस्सा विकू म्हणतोय. दुसरीकडे चाकणजवळच्या एका कंपनीत टेस्ट रायडरची, म्हणजे गाड्या चालवून तपासण्याची, नोकरी मिळू शकते. तिसरा पर्याय साताऱ्याचा, सासऱ्यांचं स्पेअर पार्टचं दुकान. नवऱ्याचं म्हणणं, "मार्केझ चार ऑपरेशननंतर चॅम्पियन झाला, मी एका मनगटाला घाबरू? आणि आता थांबलो तर अकरा वर्षं मातीत." सासूबाईंचं म्हणणं, "तूच थांबव, तुझंच ऐकेल तो. नाहीतर एक मूल होऊ द्या, आपोआप ताळ्यावर येईल." पत्र लिहिणाऱ्या ताई विचारतात, "थांबवलं तर तो जन्मभर मला बोल लावेल. नाही थांबवलं आणि काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. मी काय करू?"

प्रिय ताई,

या प्रश्नात तुम्हाला कुणी आणून बसवलं, ते आधी बघू या. तुमचं लग्न झालं तेव्हा हा माणूस कितीतरी वर्षं शर्यती करत होता. पहिली गाडी त्याला वडिलांनी घेऊन दिली, हे तुम्हीच लिहिलंय. हौस पुरवली आईवडिलांनी, टाळ्या वाजवल्या मित्रांनी, आणि थांबवायचं काम आलं सुनेच्या वाट्याला! आपल्याकडची ही जुनीच वाटणी आहे. ती तुम्ही मुकाट्याने स्वीकारलीत, म्हणून दोन्हीकडून दोष तुमच्याच माथी येणार असं तुम्हाला वाटतंय.

तिशीतल्या माणसाला बायको थांबवू शकत नाही. थांबवायलाही जाऊ नका. मात्र घरातले पैसे कुठे जातात, तुमचं सोनं कुठे जातं आणि अर्धवट बऱ्या झालेल्या हातावर किती मोठा डाव लावला जातो, यात तुमचा शब्द चाललाच पाहिजे. त्याने रेसिंग करावं का, हा त्याचा प्रश्न. ते कुणाच्या जिवावर आणि कुणाच्या पैशावर, हा तुम्हा दोघांचा. पत्रात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

आता मार्केझ, म्हणजे मोटोजीपी या मोटरसायकलच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेतला स्पॅनिश रेसर. त्याने उदाहरण दिलंच आहे, तर त्याच्याच मैदानात जाऊन बोलू. ही गोष्ट लोकांना शेवटाकडून माहीत असते. मी ती सुरुवातीपासून सांगते.

जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत मार्क मार्केझ पडला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. प्लेट बसवली, आणि त्याच आठवड्यात तो त्याच ट्रॅकवर पुन्हा सरावाला उतरला. जमलं नाही, माघार घेतली. थोड्याच दिवसांत घरी एक मोठं सरकतं दार उघडताना ती प्लेट मोडली. ऑगस्टमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. डिसेंबरमध्ये तिसरं झालं, तेव्हा हाडात संसर्ग सापडला. तो अख्खा हंगाम गेला. २०२१ मध्ये परतला, शर्यती जिंकल्यासुद्धा, पण हाड फिरलेल्या अवस्थेत जुळलं होतं. म्हणून २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ते कापून, फिरवून पुन्हा बसवावं लागलं. विजेतेपद आलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये, जपानच्या मोतेगीला. मधली पाच वर्षं कशात गेली असं तुमच्या नवऱ्याला विचारलंत, तर ते त्यालाही पाठ असेल. पहिल्या आठवड्यातल्या घाईची ती किंमत होती. "चार ऑपरेशननंतर चॅम्पियन" या वाक्यात चारातली निदान दोन ऑपरेशनं त्या घाईच्या खात्यावर मांडायला हवीत.

आणखी एक गोष्ट. पडला तेव्हा त्याच्याकडे मोटोजीपीची सहा जगज्जेतेपदं होती, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत होंडाशी चार वर्षांचा करार झालेला होता. त्याला कुणाचं सोनं गहाण ठेवावं लागलं नाही. २०२३ च्या शेवटी, कराराचं एक वर्ष बाकी असताना, त्याने होंडा सोडली आणि ग्रेसिनीच्या खासगी संघात आदल्या वर्षीच्या डुकाटीवर बसला. मला या गोष्टीतला सगळ्यात शहाणा भाग हाच वाटतो. आपण संपलोय की आपली गाडी संपली आहे, हे त्याला कळून घ्यायचं होतं आणि त्यासाठी त्याने प्रतिष्ठेची जागा सोडली. तुमच्या नवऱ्यालाही नेमकं तेच कळून घ्यायला हवंय. त्यासाठी १८ लाख लागत नाहीत. हात पूर्ण बरा झाल्यावर चेन्नईला किंवा कोईमतूरच्या करी स्पीडवेवर सरावाचे एक-दोन दिवस मिळवायचे, ओळखीची गाडी घ्यायची आणि पडण्याआधीच्या स्वतःच्या लॅप टाइमशी (ट्रॅकच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळेशी) आजचा लॅप टाइम ताडून बघायचा. रेसरला घड्याळ पटतं, बायकोचं बोलणं पटेलच असं नाही.

कॉलरबोनची पण एक गोष्ट सांगते, कारण रेसर मंडळी ते हाड मोडणं म्हणजे ताप येऊन गेल्यासारखं सांगतात. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला होर्हे लोरेन्झो या मोटोजीपी रेसरची कॉलरबोन सरावात मोडली. रातोरात बार्सिलोनाला नेऊन प्लेट बसवली आणि शनिवारी तो शर्यतीत पाचवा आला. जगभर कौतुक झालं. पुढच्याच फेरीत जर्मनीत तो पुन्हा पडला, ती प्लेट वाकली, पुन्हा ऑपरेशन झालं आणि शर्यत हुकली. वर्षाअखेर जगज्जेतेपद चार गुणांनी हुकलं.

मनगटाचं स्कॅफॉइड त्याहून खट्याळ. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या या छोट्या हाडाला रक्तपुरवठा एका बाजूने होतो, त्यामुळे मोडलं तर कधीकधी महिनोन्‌महिने जुळत नाही. साध्या एक्स-रेत जुळल्यासारखं दिसतं आणि जुळलेलं नसतं. तसंच वापरत राहिलं तर पुढे मनगट झिजतं. हा हात उजवा आहे. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची मूठ, त्याच हातात, पुढचा ब्रेकही त्याच हातात, आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात ब्रेक दाबला की अंगाचा भार मनगटांवर येतो. तेव्हा हाताच्या सर्जनकडे जा, हाडांच्या सामान्य डॉक्टरवर भागवू नका. तुम्हीही सोबत जा. "मी कधी रेस करू शकतो?" असं त्याला विचारू देऊ नका, कारण या प्रश्नाला डॉक्टरही आवडेल तेच उत्तर देऊन मोकळे होतात. "सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसतंय का?" एवढंच विचारा.

गोळ्यांचं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. मला ती ओळ सगळ्यात जास्त खटकली. इतक्या महिन्यांनंतरही गोळीशिवाय झोप येत नसेल तर एकतर हाड जुळलेलं नाही, नाहीतर दुखणं हाडाचं राहिलेलं नाही. कुठली गोळी, किती, कुणी लिहून दिलेली, हे त्याच डॉक्टरांना सांगा. अँथनी गोबर्ट नावाचा एक ऑस्ट्रेलियन रेसर होता. १९९४ मध्ये वयाच्या १९ व्या वर्षी त्याने फिलिप आयलंडला वर्ल्ड सुपरबाइकची शर्यत जिंकली. त्याच्या वेगाबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. १९९७ मध्ये अमली पदार्थांच्या चाचणीत सापडल्यावर सुझुकीने त्याला काढलं. त्यानंतरही तो मधूनमधून जिंकत राहिला, पण विस्कटलेली घडी पुन्हा बसलीच नाही. २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला. तुमच्या नवऱ्याचं तसं होईल असं मी मुळीच म्हणत नाही. सांगायचं एवढंच की घरचे ट्रॅककडे डोळे लावून बसतात आणि पडझड भलतीकडेच होते. तो खोलीतून बाहेर येत नसेल, मित्रांचे फोन उचलत नसेल, तर समुपदेशकाशी बोला. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता.

आता पैसा. इथे तुम्ही माझ्यापेक्षा जाणत्या आहात. उद्या तुमच्या खिडकीवर एक माणूस आला. वय ३०, उत्पन्न अनियमित, उजवा हात प्लास्टरमधून नुकताच निघालेला, तारण बायकोचं सोनं, आणि कर्जाचं कारण परतीचा भरवसा नसलेला एक हंगाम. तुम्ही ती फाईल पुढे पाठवाल का? नवऱ्याची फाईल आली म्हणून तुमचे निकष बदलू नका. आणि सोन्याबद्दल स्पष्टच सांगते: स्त्रीधन तुमचं आहे, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. द्यायचंच असेल तर स्वखुशीने द्या, पण "नाही म्हटलं तर संसार मोडेल" या धाकाने देऊ नका.

पैसे भरून जागा घेणं यात फसवणूक असतेच असं नाही. खालच्या आंतरराष्ट्रीय गटांत ती उघड रीत आहे, पुढे मोठे झालेले कित्येक जण तसेच आत शिरले. पण त्या १८ लाखांत काय येतं ते कागदावर मागा. किती फेऱ्या? बुरीराम, सेपांग, मोतेगी अशा ठिकाणचा विमानप्रवास आणि राहणं धरून की वेगळं? फेरीला टायरचे किती सेट? सरावाचे दिवस किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रॅश डॅमेज कुणाचं? एक मोठा क्रॅश झाला की फेअरिंग (गाडीचं बाहेरचं कवच), हँडलबार, रेडिएटर, कधीकधी फ्रेमसुद्धा जाते, आणि त्याचं बिल रायडरच्या नावे निघालं तर १८ चे २५ व्हायला एक रविवार पुरतो. दुसऱ्या फेरीत तो जायबंदी झाला तर उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळणार का? या प्रश्नांना फोनवर "हो हो, होऊन जाईल" असं उत्तर येत असेल तर ते उत्तर धरू नका.

विम्याची पॉलिसीही आजच कपाटातून काढा. आरोग्य विम्यात धोकादायक आणि साहसी खेळांबद्दल एक ठरलेलं अपवादाचं कलम असतं. व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च त्यात मिळत नाही, आणि त्या यादीत मोटर रेसिंगचं नाव लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या पॉलिसीचा हप्ता तुम्ही दर वर्षी भरताय, ती नेमकी याच कामाला येणार नाही. आयुर्विमा घेताना अर्जात रेसिंगचा उल्लेख केला होता का, तेही तपासा. नसेल तर कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल, वाढू दे. संघाचा किंवा आयोजकांचा विमा किती रकमेचा, परदेशातल्या हॉस्पिटलला तो चालतो का, हेही त्या कागदात हवं.

"अकरा वर्षं मातीत" याला मात्र माझा विरोध आहे. केसी स्टोनर या ऑस्ट्रेलियन रेसरने मोटोजीपीची दोन जगज्जेतेपदं नावावर असताना २०१२ च्या शेवटी, २७ व्या वर्षी निवृत्ती घेतली. त्याची वर्षं मातीत गेली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुम्ही म्हणाल, तो जिंकून गेला. बरं, मग स्पेनचा दानी पेद्रोसा घ्या. मोटोजीपीचं जगज्जेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. २०१८ नंतर तो थांबला आणि केटीएमचा टेस्ट रायडर झाला. ज्या केटीएमच्या छोट्या ड्यूक आपल्या चाकणला बनतात, तीच ही कंपनी. तिची रेसिंगची गाडी घडवण्यात पेद्रोसाचा मोठा वाटा मानला जातो. २०२३ मध्ये इटलीतल्या मिसानोला त्याला पाहुणा रायडर म्हणून उतरवलं, तर ३७ व्या वर्षी तो चौथा आला. गाडी कुठल्या वळणावर पुढून ढकलते, कुठे मागून घसरते, हे अंगाला कळणं आणि ते इंजिनिअरला शब्दांत सांगता येणं, हे अकरा वर्षांतच येतं. त्या ज्ञानाला चाकणमध्ये, मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी ट्रॅकवर पगार मिळतो.

त्या नोकरीला सोन्याचा मुलामा देत नाही. टेस्ट रायडरचं काम बहुतेक दिवस कंटाळवाणं असतं. तोच रस्ता, तेच गिअर, तासन्‌तास आणि शेवटी फॉर्म भरायचे. धोका कमी होतो, संपत नाही. टाळ्या तर मुळीच नाहीत. पण दर महिन्याला पगार येतो आणि हेल्मेटचा वास सुटत नाही. शिवाय कंपनीची हरकत नसेल तर सुट्टीच्या दिवशी वन-मेक शर्यत करता येते. तिथे कंपनी सगळ्यांना सारखीच गाडी देते, खर्च आवाक्यात राहतो आणि घड्याळ खरं बोलतं. माझा कल या वाटेकडे आहे. आधी हात, मग नोकरी, जमेल तेवढी राष्ट्रीय स्पर्धा, आणि आशियाई जागेचा विचार पुढच्या वर्षी, तोही प्रायोजकाच्या पैशांवर. साताऱ्याचं दुकान कुठे पळून जात नाही. आत्ता त्याला बळेबळे गल्ल्यावर बसवलंत तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकावर तो राग काढेल. सासरेबुवांनाही ते नको असणार.

मुलाबद्दल सासूबाईंचं म्हणणं मनावर घेऊ नका. मुलं झाल्यावरही शर्यती करणारे रेसर पुष्कळ आहेत. बापाला ताळ्यावर आणण्यासाठी जन्माला घालू नये कुणाला.

याच विषयावर पालकांचीही पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. २०२१ च्या एका हंगामात १९, १५ आणि १४ वर्षांचे तीन रेसर वेगवेगळ्या स्पर्धांत मृत्युमुखी पडले. त्यानंतर जागतिक स्पर्धांची किमान वयोमर्यादा वाढवण्यात आली, ग्रां प्रीसाठी (मोटोजीपी आणि तिच्या खालच्या जागतिक गटांसाठी) ती १८ झाली. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत १३ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मुलाला शिकवा, हौस मारू नका, पण वर्ष-दोन वर्षं थांबायला सांगितल्याने कुणाची प्रतिभा आटत नाही. नवऱ्याला मी थांबवा म्हटलं नाही. लहान मुलाच्या बाबतीत तेच म्हणायला कचरणार नाही, तिथे 'नाही' म्हणणं हे आईबापाचंच काम.

ताई, बोलायला रविवारची शर्यत टीव्हीवर चालू असतानाची वेळ निवडू नका, आणि सासूबाई समोर असताना तर नकोच. दोघंच बसा. म्हणा, "गाडी सोड असं मी म्हणणार नाही. माझं सोनं यात जाणार नाही. स्कॅनमध्ये हाड जुळलेलं दिसेपर्यंत आपण कुणालाही पैसे पाठवायचे नाहीत. त्यानंतर तू ठरव, मी ऐकेन." प्लॉटचा हिस्सा त्याचा आहे. तो त्याने विकायचा म्हटला तर तुम्ही अडवू शकणार नाही, पण आधी वडिलांशी समोरासमोर बोलायला सांगा, तुमच्यामार्फत निरोप नको. तो चिडेल. दोन दिवस बोलणार नाही कदाचित. चिडू दे. सासूबाईंना मात्र एवढंच सांगा की त्याच्याशी तुम्ही बोला, तो तुमचा मुलगा आहे.

संघाला या महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय असं तुम्ही लिहिता. त्याला आजच मेल करायला सांगा की वैद्यकीय तपासणी बाकी आहे, तारीख पुढे न्या आणि वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं लेखी पाठवा. सर्जनची वेळ त्याआधीची घ्या, आणि जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या.